एकाच वाइनचे दोन दिवसांत दोन निकाल का लागतात: आपल्या परिसरातील रेड वाइनची पारख

आपल्या प्रश्नाचा आशय मी प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. निपाणीजवळ महामार्गालगत आपल्या थोरल्या बंधूंचे परवानाधारक हॉटेल आहे. त्यांना मेनूकार्डावर दोनच रेड वाइन ठेवायच्या आहेत आणि त्या परदेशी नकोत, नाशिकपासून नंदी टेकड्यांपर्यंतच्या आपल्या पट्ट्यातल्याच हव्यात. म्हणून आपण सहा बाटल्या आणल्या, रविवारी रात्री जेवणानंतर घरच्या चौघांनी त्या चाखल्या आणि त्यांचा क्रम लावला. सोमवारी संध्याकाळी उरलेल्या वाइनवर तोच प्रयोग केला, तेव्हा पहिली आलेली चौथ्या क्रमांकावर गेली आणि पाचवी दुसरी आली. एका बाटलीला उकडलेल्या अंड्यासारखा वास येत होता, तो दुसऱ्या दिवशी बराच कमी झाला. ‘सगळ्याच तुरट आहेत’ ही तक्रार मात्र दोन्ही दिवशी कायम राहिली. यातली खरी चांगली कोणती, आणि जिभेवर विश्वास ठेवावा की किमतीवर, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते खरा प्रश्न ‘कोणती चांगली’ हा नाही. निकाल का बदलला, हा आहे. त्याचे कारण कळल्याशिवाय कोणतीही बाटली निवडली तरी तो अंदाजच राहील. मी हे काम 19 वर्षे करत आहे. सुरुवातीची काही वर्षे विजापूर जिल्ह्यातील एका वाइनरीत द्राक्षे उतरवून घेण्याचे आणि नंतर टाक्यांतील वाइन चाखून नोंदी ठेवण्याचे काम केले. आता बेळगाव परिसरातील हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना वाइनची पारख शिकवतो. या अनुभवावरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो: नवख्या माणसाची जीभ सहसा चुकीची नसते, पण ती ज्या परिस्थितीत काम करते ती परिस्थिती बहुधा चुकीची असते. आपल्या हॉटेलासाठी कोणती बाटली योग्य ठरेल, हे गिऱ्हाईक कोण, जेवण कसले आणि साठवण कशी, यांवर अवलंबून असल्याने मी नाव सांगणार नाही. नाव ठरवण्याची रीत मात्र सांगतो.

पहिली गोष्ट तापमानाची. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातून आला आणि तो तिथल्या थंड दगडी घरांच्या काळातला आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असले तरी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या खोल्यांचे तापमान सहज 30 अंशांवर जाते. एवढ्या उष्णतेत वाइनमधील अल्कोहोल आधी नाकात चढते, फळाचा सुगंध त्याखाली दबतो आणि घशात जळजळ होते. उलट, तीच वाइन फ्रिजमधून थेट ओतली तर सुगंध मिटून जातो आणि तुरटपणा आहे त्याहून कठोर लागतो. भरदार रेड वाइनसाठी 16 ते 18 अंश ही मर्यादा मी पाळतो. उन्हाळ्यात त्यासाठी बाटली सुमारे दीड तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटे ठेवावी लागते. स्वयंपाकघरातील साधा थर्मामीटर पेल्यात बुडवून पाहिला की अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. सहाही बाटल्या एकाच तापमानाला नसतील, तर आपण वाइनची नव्हे, बाटली फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात होती याची तुलना करत असतो.

दुसरी गोष्ट चाखण्याच्या क्रमाची, आणि ‘सगळ्याच तुरट’ या तक्रारीचा मोठा भाग मला यातच दिसतो. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारे टॅनिन आपल्या लाळेतील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे तोंडातला ओलावा आणि बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ टाळूला घासू लागते. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो. तोवर दुसरा घोट घेतला तर पहिल्याचा तुरटपणा त्यात मिसळतो, तिसऱ्यात दोघांचा. त्यामुळे सहा वाइन ओळीने चाखल्या की पाचवी आणि सहावी हमखास खडबडीत लागतात. आपली पाचवी वाइन दुसऱ्या दिवशी वर आली, त्या दिवशी ती कितवी चाखली होती हे आपण लिहिलेले नाही. ते आठवून पाहा. दोन वाइनमध्ये किमान दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत, पाणी प्यावे आणि काहीतरी बेचव चावावे. शहरांतले लोक त्यासाठी खास बिस्किटे मागवतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू प्रत्येक बाजारात मिळते, ती म्हणजे ज्वारीची कडक भाकरी. तिच्यात मीठ नसते, तेल नसते आणि ती तोंड अगदी स्वच्छ करते. मी माझ्या प्रत्येक वर्गात तीच ठेवतो.

आपण जेवणानंतर चाखले, हेही निकालावर परिणाम करणारे आहे. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात प्रशिक्षणाच्या आधी यजमानांनी अगत्याने सर्वांना कुंदा दिला. पुढचा तासभर प्रत्येक वाइन सर्वांना आंबट, पातळ आणि कठोर लागली, आणि त्यात अशी एक वाइन होती जिची मी स्वतः आदल्या आठवड्यात चांगली नोंद केली होती. गोड पदार्थानंतर वाइनमधील फळाची गोडी लुप्त होते आणि आम्लता तेवढी उघडी पडते. तिखटाने उलटा घोळ होतो: ठेच्याने पेटलेल्या जिभेला अल्कोहोल अधिक जाळते आणि तुरटपणा अधिक टोचतो. म्हणून पारख सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, न्याहारी होऊन दोन तास झाल्यावर करावी. त्या वेळी तोंडात तंबाखू, पान किंवा नुकत्याच घेतलेल्या चहाची चव नसावी, आणि खोलीत अगरबत्ती लावलेली नसावी. घोट चाखून थुंकून टाकावा. पेल्यात साधारण 50 मिलिलिटर वाइन पुरते. परीक्षणासाठी ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता छोटा पेला वापरतात, आणि सहाही पेले एकसारखे असणे हे तो महाग असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आता सोमवारच्या निकालाकडे येतो. अर्धी रिकामी झालेली बाटली रात्रभर हवेशी संबंधात राहते, त्यामुळे सोमवारी आपण चाखली ती रविवारचीच वाइन नव्हती. प्राणवायूने वाइन बदलते, पण प्रत्येक वाइन सारखी बदलत नाही. तरुण, घट्ट, टॅनिनने भरलेली वाइन दुसऱ्या दिवशी मोकळी होते. ज्या वाइनकडे केवळ ताज्या फळाचा सुगंध आहे आणि मागे आधार नाही, ती दुसऱ्या दिवशी उतरते, आणि तिला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास येऊ लागतो. म्हणून आपला उलटलेला क्रम मला गोंधळ वाटत नाही. त्यात माहिती आहे. पाचवीवरून दुसरी आलेली वाइन बहुधा घट्ट बांध्याची आहे आणि पहिलीवरून चौथी गेलेली बहुधा लगेच पिण्याजोगी, हलकी आहे. मी स्वतः मुद्दाम दुसऱ्या दिवशीची नोंद ठेवतो, मात्र ती पहिल्या नोंदीशेजारी वेगळ्या रकान्यात लिहितो, तिच्यात मिसळत नाही.

बाटली आपल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत आली, हा यापुढचा मुद्दा आहे आणि आपल्या भागात तो फार मोठा आहे. माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका मे महिन्यात मला एका दुकानातून घेतलेल्या तीन बाटल्या तपासायला दिल्या होत्या. वाइनचा रंग विटकरी पडलेला होता, आणि बेदाणे पाण्यात उकळल्यावर येतो तसा जड, गोडसर वास होता. मी अहवालात लिहिले की द्राक्षे अतिपक्व होती आणि वाइनरीने तोडणी उशिरा केली. नंतर त्याच वर्षाची, त्याच लॉटची बाटली वाइनरीच्या थंड तळघरातून आली, आणि ती स्वच्छ, जांभळट आणि ताजी होती. चौकशी केल्यावर कळले की दुकानदाराने पेट्या पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. मला अहवाल मागे घ्यावा लागला आणि त्या वाइनमेकरची क्षमा मागावी लागली. तेव्हापासून संशय आला की मी दुसऱ्या दुकानातली दुसरी बाटली चाखल्याशिवाय एक ओळही लिहीत नाही. बूच वर आलेले असेल, बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ असेल, किंवा वाइनची पातळी खाली गेलेली असेल, तर ती बाटली तुलनेत घेऊ नये. लेबलावरचे वर्षही पाहावे. आपल्याकडच्या सामान्य किमतीच्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या लोणच्यासारख्या मुरत नाहीत, त्या म्हाताऱ्या होतात.

इतके सांभाळल्यानंतरच वाइनच्या गुणांकडे वळता येते, आणि इथे दख्खनच्या द्राक्षाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आपल्या अथणी-विजापूर भागातील बागायतदारांना हे सांगायला नको की आपण वेलीची दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि एकच पीक घेतो. फ्रान्स-इटलीत द्राक्ष पिकते ते उन्हाळा ओसरून हवा थंड होत जाताना. आपल्याकडे मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चची उष्णता वाढत जाते. उष्णतेत मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होते आणि साखर भराभर चढते, पण सालीतले आणि बियांतले टॅनिन त्या वेगाने पिकत नाही. वाइनमेकरपुढे त्यामुळे दरवर्षी पेच असतो. लवकर तोडले तर आम्लता टिकते पण तुरटपणा हिरवा राहतो. थांबले तर तुरटपणा मवाळ होतो पण साखरेबरोबर अल्कोहोल वाढते आणि आम्लता ढासळते. रिफ्रॅक्टोमीटर या रसातील साखर मोजणाऱ्या यंत्रावर 24 ब्रिक्स (साखरेच्या प्रमाणाचे एकक) दिसले म्हणजे वाइनमध्ये साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येणार, एवढे ते यंत्र सांगते. बी पिकली की नाही हे ते सांगत नाही. त्यासाठी मी वाइनरीत असताना बागेत जाऊन बिया चावत असे. तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण देणारी बी म्हणजे तोडणी जवळ आली. हिरवट आणि कडवट म्हणजे अजून थांबा. थॉम्पसन किंवा सोनाका या खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत वाढलेल्या माणसाला ही सवय नसते, कारण त्या जातींना बीच नसते, आणि तिथे गोडी हाच पिकण्याचा निकष पुरतो.

म्हणून आपल्या भागातील रेड वाइन पारखताना मी सर्वांत जास्त वेळ तुरटपणावर घालवतो, आणि तो किती आहे यापेक्षा कसा आहे हे पाहतो. ‘तुरट’ हा शब्द तक्रार म्हणून वापरणे आधी सोडावे लागेल. सहा रसांमध्ये कषाय म्हणजे तुरट हा एक मानाचा रस आहे, आणि रेड वाइनचा कणाच तो आहे. (या सहा रसांच्या नावांत एक गंमतीची उलथापालथ आहे: संस्कृतातील ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, पण मराठीतला ‘कडू’ शब्द ‘कटु’वरून आला. तुरट आणि कडू यांतही लोक असाच घोळ करतात, म्हणून हे सांगितले.) पिकलेल्या जांभळाचा तुरटपणा आठवा. तो सगळ्या जिभेवर पातळ, मखमली थर धरतो आणि थोड्या वेळाने सुटतो. आता कच्च्या केळ्याचा आठवा. तो चिकटतो, हिरड्या आवळतो आणि तोंड धुतले तरी जात नाही. पहिल्या प्रकारची वाइन कितीही तुरट असली तरी तिला भविष्य आहे. दुसऱ्या प्रकारची वाइन थोडी तुरट असली तरी तिचे द्राक्ष घाईने तोडले गेले असण्याची शक्यता मी धरतो. हा भेद जिभेला शिकवण्यासाठी घरच्या घरी एक अभ्यास करता येतो. एकच चहापूड तीन कपांत, दूध-साखर न घालता, दोन, पाच आणि दहा मिनिटे भिजवावी, गाळून थंड करावी आणि एकामागून एक चाखावी. तुरटपणा वाढत जातो तसा त्याचा पोतही बदलतो, आणि दहा मिनिटांच्या कपात कडवटपणा वेगळा होऊन मागे उरतो.

आम्लता मोजायची तर ‘दात आंबतात का’ एवढा एकच प्रश्न पुरत नाही. घोट थुंकल्यावर तोंडाला पाणी सुटते की नाही हे पाहावे. पाणी सुटले म्हणजे आम्लता जिवंत आहे. तुरटपणाने तोंड कोरडे पडते, आम्लतेने ओले होते, अल्कोहोलने घशात ऊब येते: तिन्ही गोष्टी एकाच घोटात घडतात आणि नवख्याला त्या एकच ‘उग्र’ चव वाटतात. त्यांना सुटे करणे म्हणजेच पारख. उष्ण भागात वाइनमेकर टार्टारिक आम्ल घालून समतोल साधतात. हे कायदेशीर आहे, जगभर चालते, आणि त्यात फसवणूक काही नाही. पण ते कसब साधले नसेल तर आंबटपणा फळात मिसळत नाही आणि घोटाच्या शेवटी सुटा, टोकदार लागतो. आमटीत चिंच उकळण्याआधी घातली की शेवटी वरून पिळली, हे आपल्या घरातल्या स्त्रियांना एका घासात कळते. वाइनमध्येही नेमके तेच ओळखायचे असते.

वासाबद्दल बोलायचे तर पुस्तकांतील ब्लॅककरंट, व्हायोलेट आणि ट्रफल हे शब्द बाजूला ठेवावेत, कारण जे आपण कधी हुंगलेच नाही ते वाइनमध्ये सापडणार कसे? आपला प्रदेश गंधाच्या बाबतीत अतिशय श्रीमंत आहे. खानापूरच्या जंगलातले करवंद आणि जांभूळ, आमसूल, मिरी, ओल्या लाल मातीचा वास, कढत दुधाच्या कुंद्यातला खरपूसपणा, आणि आपण तर निपाणीचे, म्हणजे वखारीतल्या वाळलेल्या तंबाखूचा गोडसर वास आपल्याला झोपेतही ओळखता येईल. कॅबर्ने द्राक्षाच्या मुरलेल्या वाइनमध्ये आणि ओक लाकडाच्या पिंपात राहिलेल्या वाइनमध्ये तो वास खरोखर येतो, आणि तो ओळखण्यात बेंगळुरू-मुंबईच्या परीक्षकापेक्षा आपण पुढे असाल. कॅबर्ने सोव्हिन्योंमध्ये ढबू मिरचीचा कच्चा वास आला तर तो पायराझिन या घटकाचा असतो. थोडा असेल तर जातीची ओळख, फार असेल तर द्राक्ष कच्चे. व्हॅनिला किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा वास ओककडून येतो, आणि तो फळाच्या आत मुरलेला आहे की वर तरंगतो आहे हे पाहावे. शिराझ या द्राक्षाच्या वाइनमध्ये मिरीचा वास येतो असे सगळे सांगतात. तो ज्या रोटंडोन नावाच्या घटकाचा असतो, तोच काळ्या मिरीतही असतो, आणि 2008 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हे दाखवले तेव्हा सुमारे पाचांतल्या एका माणसाला तो वास येतच नाही, असेही आढळले. तेव्हा घरच्या चौघांपैकी एकाला मिरी जाणवली नाही तर तो माणूस चुकला असे समजू नये.

अंड्याचा वास येणारी बाटली बहुधा फेकण्याजोगी नाही. आंबताना यीस्टला पुरेसे पोषण किंवा हवा मिळाली नाही की गंधकाची संयुगे तयार होतात, आणि फिरकीचे झाकण घट्ट असल्याने ती आत कोंडलेली राहतात. आपल्याकडे अशी झाकणे आता सर्रास असतात. वाइन एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चार-सहा वेळा ओतून अर्धा तास ठेवावी. वास गेला तर दोष किरकोळ होता, आणि आपल्या बाबतीत सोमवारी तो कमी झाला हे त्याचेच लक्षण आहे. मात्र हॉटेलात प्रत्येक पाहुण्यासमोर हा खटाटोप शक्य नाही, म्हणून ती वाइन यादीसाठी घेऊ नये. बाकीचे दोष असे सुधारत नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा बुरसट वास हा बुचाचा दोष, नखांच्या पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका हा बाष्पशील आम्लतेचा, आणि तबेल्याचा किंवा औषधी चिकटपट्टीचा वास हा ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. शेवटचा वास अगदी अल्प प्रमाणात काहींना आवडतो. मला आवडत नाही.

आपल्या सहा बाटल्यांत एक गोड ‘पोर्ट’ पद्धतीची होती असे आपण ओझरते लिहिले आहे. तिला या तुलनेतून काढावे. गोव्यात आणि कर्नाटकात अशा गोड वाइनसाठी बेंगळुरू ब्लू हे द्राक्ष मोठ्या प्रमाणावर वापरतात. ते शिराझ किंवा कॅबर्नेच्या कुळातले नाही, त्याच्यात अमेरिकी लॅब्रुस्का वंशाचा अंश आहे, आणि लहान मुलांच्या द्राक्षाच्या गोळ्यांसारखा तो ओळखीचा वास त्याचा स्वतःचा आहे. ते वाईट द्राक्ष नव्हे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, पण आमरसाची आणि ताकाची एका तक्त्यात तुलना होत नाही. ज्यांना आयुष्यात प्रथम रेड वाइन म्हणून तीच गोड वाइन मिळाली, त्यांना कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, शिराझ बिघडलेली वाटते, आणि आपल्या घरातील एका सदस्याचे शेरे वाचून मला तसे वाटले.

उरलेल्या पाच बाटल्या आता झाकून चाखाव्यात. त्या कागदी पिशव्यांत घालून त्यांच्यावर आकडे टाकावेत, आणि ओतणारा माणूस चाखणाऱ्यांपैकी नसावा. 1988 साली नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी सुरू झालेले ग्रोव्हर, 2000 साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणणारे नाशिकचे सुला, अकलूजजवळ सँजोव्हेसे हे इटालियन द्राक्ष लावणारे फ्रातेल्ली, हंपीच्या टेकड्यांवरचे कृष्मा, अशी नावे दिसली की आपली जीभ नावाचा मान ठेवते, आणि किंमत दिसली की किमतीचा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून तेच चाखावे. ज्या दोन वाइनमध्ये निवड अडेल त्यांच्यासाठी मी त्रिकोणी चाचणी घेतो: तीन पेले, त्यांतल्या दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला ओळखायचा. सहा फेऱ्यांत पाच किंवा सहा वेळा बरोबर ओळखले तर केवळ अंदाजाने तसे होण्याची शक्यता शंभरात दोनांहूनही कमी असते, म्हणजे फरक खरा आहे. दोन-तीनदाच ओळखता आले तर त्या दोन वाइनमध्ये आपल्या गिऱ्हाइकालाही फरक कळणार नाही, आणि तेव्हा स्वस्त असलेली निःशंकपणे घ्यावी.

किमतीबद्दलही येथेच सांगतो. मद्यावरील कर आणि शुल्क हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या सीमेवरील कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच बाटलीची किंमत वेगळी असू शकते, आणि त्या फरकात द्राक्षाचा किंवा वाइनमेकरचा काहीही संबंध नसतो. किंमत कराचा अंदाज देते, गुणवत्तेचा फारसा देत नाही. स्वस्त म्हणून नाक्यापलीकडून हॉटेलासाठी बाटल्या आणू नयेत, परवान्याच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे.

शेवटची फेरी जेवणाबरोबर करावी, कारण आपल्या बंधूंच्या गिऱ्हाइकासमोर पेला एकटा येणार नाही. सुक्या मटणातील मीठ, चरबी आणि प्रथिने तुरटपणा मवाळ करतात, म्हणून सकाळी कडक वाटलेली वाइन तिथे खुलते. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र जास्त अल्कोहोलची, घट्ट टॅनिनची वाइन जिभेला आग लावते. तिथे कमी तुरट, रसाळ वाइन हवी आणि ती किंचित अधिक थंड, 14-15 अंशांवर द्यावी. म्हणून दोन जागांसाठी मी दोन वेगळ्या स्वभावांची निवड करीन: एक आपल्या पाचवीवरून दुसरीवर आलेल्या घट्ट वाइनसारखी, आणि एक रविवारी पहिली आलेल्या हलक्या वाइनसारखी. ही दुसरी पेल्याने विकायची असेल तर उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी आणि दुसऱ्या रात्रीनंतर ती पाहुण्याला देऊ नये. ती आपल्याकडे एका रात्रीत पहिलीवरून चौथीवर उतरलेली आहे.